दोन सर्व्हर, एकच रान

३ जून २०१९, सोमवार. सकाळी ११.१०
क्लासचा सर्व्हर मेला. मलप्पा वॉचमननं याला दुजोरा दिला. तो अधिकार त्याचाच, कारण काठी त्याची होती. जिन्याखालच्या सर्व्हर रूममध्ये घूस शिरली. मलप्पानं पाच काठ्या हाणल्या. तीन घुशीला, एक भिंतीला, एक सर्व्हरला. घूस पळाली.

दुपारी १.३०
वरच्या पत्र्याच्या हॉलमधले एकशेवीस कॉम्प्युटर बंद. म्हणजे चालू आहेत, पण एकमेकांना ओळखत नाहीत. पोरांनी दोन माऊस वायरीसकट उपटले आणि एकाला त्याच वायरीनं खुर्चीला बांधलं. तो मॉनिटर होता. वर्गाचा.

रेवणसिद्ध सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर अचूक अकॅडमीचे मालक. फिजिक्स शिकवतात. फेकलेल्या वस्तूचा मार्ग हा त्यांचा आवडता धडा. आज डस्टर. कानाला घासून गेला. मी डगमगलो नाही, बसलेलोच होतो.

सर म्हणाले, रविवारी सोळा तारखेला ‘स्पेशल वीस’ची परीक्षा आहे, त्या दिवशी नेटवर्क एक मिनिट जरी बंद पडलं तर तुला त्या घुशीच्या बिळात घालून वरून कोबा करीन.

मी म्हणालो, सर, काळजीच करू नका. नंतर लक्षात आलं, ते काळजी करत नव्हते. धमकी देत होते.

४ जून, मंगळवार
संकल्प. यापुढे प्रत्येक गोष्ट दोन-दोन. एक सर्व्हर मेला तर दुसरा उभा. सगळ्या लातुरात कुठल्याच क्लासकडे अशी व्यवस्था नसेल. नेटवर्कमधला लातूर पॅटर्न. पुढेमागे यावर पुस्तक लिहीन म्हणून इथं सोप्या भाषेत टिपून ठेवतो.

कॉम्प्युटर चालू झाला की आधी ओरडतो, माझा नंबर काय? त्याला नंबर देतो तो DHCP. रेशन दुकानात टोकन देणाऱ्यासारखा. मग कॉम्प्युटर विचारतो, ‘परीक्षा’ नावाचं मशीन कुठं राहतं? नावावरून पत्ता सांगतो तो DNS. गावातल्या कोतवालासारखा. ही दोन्ही कामं एका सर्व्हरवर होती. आता दोघांवर करायची. नावंही ठरली. थोरला आणि धाकटा.

बारा दिवस आहेत. काम दोन दिवसांचं. म्हणून आज आराम.

६ जून, गुरुवार
काल ईद. आज गंजगोलाईजवळ जिलानीभाईंच्या दुकानात शिरखुर्मा खायला गेलो. जिलानीभाई इन्व्हर्टर-बॅटरी दुरुस्त करतात, क्लासची वायरिंग त्यांचीच. त्यांची पोरगी हुमा काउंटरवर बसून जुने पेपर सोडवून राहिली होती. यंदा दहावी झाली. तीही सोळा तारखेच्या परीक्षेला आहे. पहिल्या वीसांत आली तर दोन वर्षांचा क्लास फुकट. नाही आली तर क्लास नाही, कारण जिलानीभाई म्हणाले, “दुसरा रस्ताच न्हाई, भागवतभाऊ.” एवढंच म्हणाले आणि बॅटरीत पाणी भरत राहिले.

मी शब्द दिला. नेटवर्कमुळे हुमाचं एक उत्तर इकडचं तिकडं होणार नाही. माझी जबान.

हुमानं मान वर करून विचारलं, काका, दोन सर्व्हर नंबर वाटणार, तर कुठले नंबर कुणाचे? हुशार पोरगी. पण अजून लहान आहे. म्हणालो, बेटा, तू केमिस्ट्री बघ.

८ जून, शनिवार. जळकोट
गावी आलो. शेषेरावदादानं बांध कोरलाय. पेरणीआधी दरवर्षी कोरतो. दादाचा नांगर बांधाला लागला की सरळ जातच नाही. वडिलांनी वाटणी केली तेव्हा बांधावर दोन माणसं बोलत उभी राहायची. आता चिमणी उभी राहिली तर तिचा एक पाय दादाच्या रानात.

मी समजुतीनं घ्यायला गेलो. समजूत अशी घातली की आधी मी दगड उचलला.

सायंकाळी ६
तीन टाके. कुदळीचा दांडा. डॉक्टरांनी विचारलं, कुणी मारलं? म्हणालो, भावानं. ते म्हणाले, पेरणी तोंडावर आली की आमच्याकडं भावांचीच गर्दी असते. बाजूच्या खाटेवर दादा. त्याला चार. हिशेबात मी जिंकलो. दादा म्हणाला, “लई झालं आता, भागवत्या. तुझ्यायला.” याला मी दिलजमाई समजतो.

९ जून, रविवार
एसटीत डोकं ठणकत होतं, पण त्यातच मोठा विचार सुचला. सगळ्या मारामारीचं मूळ वाटणी. वाटणी नसती तर बांध नसता, बांध नसता तर दांडा नसता.

पुस्तकात लिहिलंय की दोन DHCP ठेवले तर नंबरांची वाटणी करा. एकानं पन्नासपासून दीडशेपर्यंत द्यावेत, दुसऱ्यानं त्यापुढचे. नाहीतर दोघांना एकमेकांशी बोलतं ठेवा, म्हणजे कुणी काय दिलं ते दोघांना कळतं. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांना भाऊ नसावेत.

माझा निर्णय झाला. एकत्र कुटुंब. पन्नास ते अडीचशे, सगळं रान थोरल्याचं, सगळं रान धाकट्याचं. एकमेकांशी बोलणं बंद. बोलण्यातूनच भांडणं वाढतात.

११ जून, मंगळवार
मेलेला सर्व्हर दुरुस्त करून थोरला केला, शेजारी धाकटा लावला. आणखी एक सुधारणा. नंबर देण्याआधी हे सर्व्हर नेटवर्कवर हाक मारून बघतात, हा नंबर कुणाकडे आहे का? त्यात प्रत्येक वेळी सेकंदभर जातो. बंद करून टाकलं. घरच्या घरात असली चौकशी शोभत नाही.

जिलानीभाई वायर ओढायला आले होते. त्यांना सगळी योजना सांगितली. ते शिडीवरून म्हणाले, “भागवतभाऊ, एकच दुकान दोघांना पुरं पुरं दिलंस, तर एकच माल दोघं इकतील का न्हाई?” त्यांचं क्षेत्र बॅटरी. सोडून दिलं.

१२ जून, बुधवार
परीक्षेच्या मशीनचा पत्ता बदलला. आधी वीस होता, आता तीस. वीस नंबर रिकामा झाला, तो कॅमेऱ्यांच्या डब्याला दिला. डब्याचा पासवर्ड मीच काढून ठेवलाय. सोय.

१३ जून, गुरुवार. रंगीत तालीम
तीस पोरं बसवली. पंधरांना पेपर दिसला. पंधरांना रेवणसिद्ध सर दिसले.

झालं असं. पत्ता बदलल्याचं मी थोरल्याच्या यादीत लिहिलं. धाकट्यानं थोरल्याकडून यादी आपोआप घ्यायची सोय असते, पण मी ती ठेवली नव्हती. थोरला रोज सूचना द्यायला लागला की धाकटा बिथरतो. अनुभव आहे. त्यामुळे धाकट्याला विचारणाऱ्या पोरांना ‘परीक्षा’चा जुना पत्ता मिळाला. जुन्या पत्त्यावर आता केबिनचा कॅमेरा.

केबिनमध्ये सर क्लार्कला फाइलनं मारत होते. पोरं मोजत होती. सातव्या फटक्याला टाळ्या पडल्या. सरांनी वर बघितलं. ते कॅमेऱ्यातून थेट आमच्याकडे बघत होते, असं पंधरा स्क्रीनवर एकदम दिसलं. मग खुर्ची रिकामी. मग जिन्यावर बूट. मग सर दारात.

कीबोर्ड फेकला. टाके चुकवले. अकरा बटणं उडाली, त्यातलं एंटर अजून सापडत नाही.

रात्रीच्या आत दोन्ही याद्या सारख्या केल्या. तालीम यशस्वी. चुका सापडाव्यात म्हणूनच तालीम असते. नंबर वाटपात एकही चूक सापडली नाही. तीसच मशीन होती म्हणा.

१५ जून, शनिवार
सगळं तयार. परीक्षेचा प्रोग्रॅम बाहेरून आणलेला. तो मुलांची उत्तरं मशीनच्या नंबरावर जमा करतो. एक नंबर, एक मूल. इतकं साधं आहे की बिघडायला जागाच नाही.

मलप्पाला बजावलं, उद्या सर्व्हर रूममध्ये घूस शिरो, नाग शिरो, काठी चालवायची नाही. तो म्हणाला, “हाव सायेब. पायानं मारतो.”

१६ जून, रविवार. सकाळी १०.०५
परीक्षा सुरू. एकशेवीस मुलं, एकशेवीस मशीन. हुमा सत्तेचाळीसवर. मला बघून हसली. फाटकाबाहेर आई-बाप, डबे, पिशव्या. सरांच्या हातात आज काहीच नाही. शुभ लक्षण.

१०.४०
जमिनीतून आवाज आला. धड्ड. दोन-तीन वर्षांनी एकदा येतो तसा. पत्रे थरथरले.

मलप्पा किल्लारीकडचा. त्र्याण्णव साली तो चौदा वर्षांचा होता. दगडामातीच्या घरातून एकटा बाहेर निघाला. त्याचा त्या दिवसापासून एक नियम आहे. आवाज झाला की आधी मेन पाडायचा, मग माणसं बाहेर काढायची, मग विचार. त्यानं मेन पाडला, इन्व्हर्टरचा खटका पाडला, आणि काठीनं, लाथेनं, दंडाला धरून एकशेवीस पोरं चार मिनिटांत मैदानात आणली. सरांनाही ढकललं. सर जिन्यावर आपटले. कुणी हसलं नाही. लातुरात त्या गोष्टीला कुणी हसत नाही.

११.१०
भिंतीला चीर नाही. सरांनी हुकूम दिला, परीक्षा पुढे चालू, वेळ वाढवून मिळेल. मेन चढवला. एकशेवीस मशीन एकदम जागी झाली आणि एकदम ओरडली, माझा नंबर काय? थोरला गडबडला तर धाकटा उठला. दोघं मिळून नंबर वाटून राहिले. बघून डोळे भरून आले. माझ्या घरात न दिसलेलं दृश्य.

११.२०
काही स्क्रीनवर सूचना, हा नंबर दुसऱ्या कुणाकडे आहे. किरकोळ.

११.३५
किरकोळ नाही. एका पोराची मागची उत्तरं आपोआप बदलून राहिली. त्याला वाटलं शेजारचा करतोय. त्यानं शेजाऱ्याच्या तोंडावर कोपर मारलं. शेजाऱ्याला वाटलं पलीकडचा. स्टूल उडालं. एक खुर्ची पंख्याला लागून परत आली. एकाचा दात पडला. (सापडला.) कुणीतरी खिडकीतून ओरडलं, “अय, पेपर फुटला!” आणि फाटक मोडून आई-बाप आत.

मी शांततेचं आवाहन करायला पुढे झालो. एका बाईनं स्टीलचा डबा डोक्यात घातला. भरलेला होता. टाके गेले. एकानं विचारलं, कॉम्प्युटरवाला कोण? मी सरांकडे बोट दाखवलं. सरांनी माझ्याकडे. लोकांनी वाद घातला नाही, दोघांनाही घेतलं. सर स्टूल फिरवत होते, मलप्पा काठी. काचा. रक्त बरंचसं माझं.

१२.०५
सर्व्हर रूममध्ये. आतून कडी. थोरला आणि धाकटा दोघंही चालू आहेत. एक मिनिटसुद्धा बंद पडले नाहीत. मेन पाडला तेव्हाचं धरत नाही.

१२.२०
दारावर टकटक. हुमा. सगळा हॉल पेटला असताना ती म्हणे कानात बोटं घालून शेवटपर्यंत पेपर सोडवत होती. नव्वदपैकी एक्क्याऐंशी. दाराआडून म्हणाली, काका, माझ्या स्क्रीनवर खाली एकशेचौतीस नंबर दिसतोय, आणि पलीकडच्या रांगेत उमरीहून आलेला मुलगा बसलाय, त्याच्याही स्क्रीनवर एकशेचौतीसच. काही होणार नाही ना?

मी आतून म्हणालो, बेटा, परीक्षेत दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघू नये.

१७ जून, सोमवार
सरांना लेखी अहवाल दिला. कारण, भूगर्भ. सरांचा डोळा सुजलाय, त्यामुळे अर्धाच वाचला. म्हणाले, सर्व्हरात जे जमा झालंय त्यावरून यादी लाव, उद्या फलकावर दिसली पाहिजे, नाहीतर शेजारचा क्लास पोरं ओढून नेईल. लावली.

१८ जून, मंगळवार
यादीत हुमा नाही. सर्व्हरात तिच्या नावापुढे शून्य. चौदाव्या नंबरवर उमरीचा मुलगा.

दुपारी जिलानीभाई आले. मी खुर्ची दिली, त्यांनी घेतली नाही. मी समजावलं की तंत्रज्ञानात कधी कधी. त्यांनी कानाखाली दिली. एकच. इतक्या दिवसांत डस्टर, दांडा, कीबोर्ड, डबा, सगळं अंगावर घेतलं, पण हे अजून भणभणतंय. म्हणाले, “एक्क्याऐंशी सोडवून शून्य? तू जबान दिलतीस, भागवत.” भाऊ म्हणाले नाहीत.

हुमा घरी जेवली नाही म्हणे. खातूनबी, तिची आई, म्हणाल्या की सोमवारपासून दुकानात बस, निदान हात तरी चालू राहतील.

१९ जून, बुधवार
उमरीहून त्या मुलाचे वडील पेढे घेऊन आले. भला माणूस. माझ्या डोक्याची पट्टी बघून म्हणाले, आमच्या लेकरासाठी सायेबांनी रक्त सांडलं. मुलगा बाजूला उभा होता, मान खाली. हळूच म्हणाला, “सर, मला एवढं येत नव्हतं हो.” वडिलांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. म्हणाले, लाजतंय.

दोन पेढे खाल्ले. नाही म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं.

२० जून, गुरुवार
परीक्षेच्या मशीनमधली नोंद सहज उघडून बघितली. सहजच. नंबर एकशेचौतीस. त्यावर दोन मशीननी उत्तरं पाठवलीत, सत्तेचाळीस आणि ब्याण्णव. सत्तेचाळीस म्हणजे हुमा. सगळी एकाच नंबरात गोळा होऊन ज्यानं नंतर लॉगिन केलं त्याच्या नावावर पडली. तो मुलगा नंतर बसला. अशा अकरा जोड्या.

हे सिद्ध करणं सोपं आहे. एक कागद लागतो. दोन्ही सर्व्हरना एकच रान दिलं होतं, हाक मारून बघायची सोय बंद होती, आणि हे कुणी केलं. खाली सही.

पण घाई नको. सरांचा डोळा अजून उतरलेला नाही. शिवाय यादी छापून झालीय. शिवाय आज गुरुवार.

२१ जून, शुक्रवार. सकाळी
स्पष्टीकरण लिहायला घेतलं. पहिल्या कागदात दोष भूगर्भाचा. फाडला, तो अहवाल आधीच दिलाय. दुसऱ्यात मलप्पाचा. तेवढ्यात मलप्पा चहा घेऊन आला आणि विचारलं, सायेब, त्या दिवशी कुणाला लागलं तर न्हाई ना माझ्यामुळं? फाडला. तिसऱ्यात शेषेरावदादाचा. दीड पान झालं. त्यात बांध, नांगर, वडील, सगळं आलं. वाचून बघितलं. दादानं आजवर सर्व्हर डोळ्यानं बघितलेला नाही. फाडला.

चौथा पाच ओळींचा झाला. बरोबर होता. म्हणून लई वाईट दिसत होता.

दुपारी ३
सरांनी उभ्यानं वाचला. दोनदा. म्हणाले, “म्हंजे मी फलकावर खोटं लावलं?” मी म्हणालो, अकरा ठिकाणी. पेपरवेट. कपाळावर, जुन्या टाक्यांच्या बाजूला. काचेचा होता, आत फूल. सर पुढचं काही फेकायला शोधत होते, मला पळता आलं असतं. उभा राहिलो. म्हणालो, सर, मारून झालं की त्या बावीस पोरांचं काय ते सांगा. हुमा जिलानीचं पहिलं.

सर खाली बसले. बराच वेळ सुजल्या डोळ्यावर रुमाल धरून होते. मग यादी उतरवायला लावली. बावीसही जणांची फेरपरीक्षा. कॉम्प्युटरवर नाही. कागदावर.

मग म्हणाले, भागवत, थोरला-धाकटा इथंच राहू दे. तू जा.

सायंकाळी ५
वेगळा व्यवसाय सुरू करायचं पूर्वीपासून मनात होतंच. सल्लागार. नांदेडला अजून या विषयातलं कुणी नसेल.

२२ जून, शनिवार. दुपारी ४
दोन टाके. जळकोटचे तेच डॉक्टर म्हणाले, आता पेरण्या झाल्या की हो.

फलकावर सूचना लागली आहे. उद्या सकाळी दहा वाजता मैदानात मंडपाखाली बावीस मुलांची फेरपरीक्षा. निळं किंवा काळं पेन. निकाल त्याच दिवशी तीन वाजेपर्यंत अपेक्षित. नेटवर्कचा कुठंही उल्लेख नाही.

मी जिलानीभाईंना फोन लावला. म्हणालो, उद्या सकाळी येतो, मंडपात पंख्याबिंख्याची वायर बघायला कुणीतरी जाणकार लागेल. मागे हुमाचा आवाज येत होता, काहीतरी पाठ म्हणून राहिली होती.

मग जिलानीभाई म्हणाले, “दुआ कर, भागवत. पण घरूनच.”